एकोणिसाव्या दिवशी कोंबडी मेली

काल सांजेपर्यंत ठणठणीत होती कोंबडी! दाणं खाल्लं, पाणी प्याली, पिसं फुगवून मुकाट अंड्यांवर जाऊन बसली. आणि सकाळी बघावं तर पाय ताठ. असं कुठं असतंय का? आजार न्हाई पाजार न्हाई, मांजर न्हाई मुंगूस न्हाई. इंदिराबाईनं सपरात कोंबडीवर झाकलेलं डालगं उचललं आणि ते हातात तसंच धरून ती उभी राहिली.

"कवडे! ए कवडे!" तिनं दोनदा हाक मारली. मेलेल्या कोंबडीला हाक मारायची वेळ आली, म्हणजे बाईची काय दशा झाली असेल बघा. टोपलीच्या काठावर मान टाकून कवडी पडली होती, आणि तिच्या अंगाखाली तेरा अंडी होती.

अंडी तरी कुठली! इंदिराबाईची लेक मंगल करजगीला दिलेली. एकोणीस दिवसांमागं ती माहेरी हळ्ळीखेडला आली, तेव्हा ही अंडी पिठाच्या डब्यात एकेक खोचून, दोन बसा बदलून, डबा मांडीवर धरून तिनं आणली होती. "आई, तुझ्याकडं काळ्या पायाची जात न्हाई, लावून बग," म्हणाली. ती परत गेली आणि आठवड्याच्या आत तिच्या बावीसच्या बावीस कोंबड्या एका दिवसात मेल्या. मर आली म्हणे. कोंबड्यांची मर म्हणजे रोगच तसला, एका खुराड्यात शिरला की गाव साफ करतो. संसारात मंगलचं एकटीचं, कुणाला विचारायला न लागणारं असं जे काही होतं, ते त्या कोंबड्याच होत्या. पोरगी चार दिवस धड जेवली नव्हती. आता तिच्या त्या जातीचं जगात काही उरलं असेल तर ते या टोपलीत. रोज सकाळी नऊला तिचा फोन यायचा, "आई, किती दिवस राह्यले?" आणि कालच इंदिराबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "तीनच! यायची तयारी कर."

आता काय सांगायचं तिला? कपाळ?

"दीपमाला! अगं ए दीपमाला, पळ लवकर!"

सून पदर सावरत धावत आली. दीपमाला मोठी धीराची. कोंबडीकडं तिनं एकदाच बघितलं आणि लगेच एक अंडं उचलून आपल्याच मिटल्या डोळ्याच्या पापणीला लावलं. मग दुसरं लावलं. "आत्या, कोमट हायत अजून. पहाटंच मेली असंल. रडत काय बसायलीस, ती वाकळ दे इकडं!" आणि टोपली वाकळेत गुंडाळून ती न्हाणीच्या चुलीपाशी जाऊन बसलीसुद्धा, लेकरू घेऊन बसावं तशी. "पण हे तासभर चालंल. लई तर दीड तास. दुसरी खुडूक कोंबडी पायजे."

खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या तंद्रीत बसलेली कोंबडी अख्ख्या गल्लीत एकच उरली होती, आणि ती होती चन्नव्वाकडं. समोरच्याच घरात. पण घोळ असा, की मेलेली कवडीही चन्नव्वाचीच!

आपल्याकडं रीतच आहे तशी. जिची कोंबडी खुडूक बसेल तिनं ती गरजवंताला द्यायची, पिलं निघाली की चारांतलं एक तिचं. आणि कोंबडी दगावली, तर ती तशीच नेऊन मालकिणीला दाखवायची. गुपचूप पुरली की संपलं, कापून खाल्ली म्हणून गावभर नाव. चन्नव्वाच्या दोन कोंबड्या एकदम खुडूक झाल्या होत्या. कवडी तिनं इंदिराबाईला दिली. दुसरी लाली, ती नुसतीच रिकाम्या कोपऱ्यात फुगून बसायची. आजपासून लालीला रोज गार पाण्यात बुचकळून तिची खोड मोडणार, असं चन्नव्वा कालच म्हणाली होती. म्हणजे तिकडंही घाई होतीच.

इंदिराबाई पदर खोचून निघणार, तेवढ्यात गुंडेराव मधी कडमडला.

गुंडेराव म्हणजे इंदिराबाईचा नवरा. तीस वर्षं गावाला पाणी सोडायच्या कामावर होता. रोज गल्लीगल्लीत 'पाणी सुटलंऽऽ' म्हणून ओरडून त्याचा गळा असा काही तयार झाला होता, की तो बायकोच्या कानात बोलला तरी दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. त्यानं सपरात डोकावून बघितलं, कवडीला काठीनं उलटी केली, आणि बाहेर ओट्यावर येऊन गळा मोकळा सोडला, "मर आलीऽऽ! कोंबड्या आत घ्या होऽऽ! करजगीच्या अंड्यातनं मर आलीऽऽ!"

"अवो! तुमच्या तोंडाला काही धरबंध?" इंदिराबाई किंचाळली. "कुणी सांगितलं तुमाला मर हाय म्हणून?"

"सांगायला कामून पायजे? लेकीच्या बावीस मेल्या, अंडी तिच्याच घरची, हिकडं कोंबडी मेली. दोन आन् दोन चार."

"आपल्या बाकीच्या नऊ चरायल्यात न्हवं उकिरड्यावर? त्यांना काय झालं?"

"होईल की," गुंडेराव मोठ्या खात्रीनं म्हणाला.

पण बाण सुटला होता. गल्लीत जी पळापळ उडाली ती काय सांगावी! राजशेखरची बायको शेणाचे हात तसेच घेऊन कोंबड्यांमागं धावली. लिंगराजच्या म्हातारीनं लुगडं वर खोचून कोंबडा गटारात गाठला. "आऽऽ आऽऽ" "धर धर" "अगं तो आपला न्हाई" असा सगळा गलका. पाच-दहा मिनिटांत गल्लीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या घरात, आणि दारं धाडधाड बंद.

चन्नव्वाचंही.

इंदिराबाईनं कवडीला पदराआड घेतलं आणि ते दार वाजवलं. "चन्नव्वा, अगं दार उघड. मी हाय."

"ठाव हाय तू हायस," आतून आवाज आला. चन्नव्वा घरात कन्नड बोलायची आणि गल्लीत मराठी. भांडताना मात्र दोन्ही. "अय्य शिवने! तिथंच थांब, अक्का. त्या कोंबडीला हात लावलेलीस तू. उंबरा वलांडू नको."

"तुजी कवडी गं… तुला दाखवायला आणलीय. कशानं गेली मला खरंच ठाव न्हाई."

दाराची फट बोटभर उघडली. एक डोळा दिसला. तो डोळा कवडीवर गेला, भरून आला, आणि फट बंद झाली. "बघितलं. ने आता."

"चन्नव्वा, तेरा अंडी गार पडायलीत. लालीला दे. दोन दिवसांचा तर सवाल हाय."

"काय? लाली?" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "एक मारलीस, आता दुसरी पायजे? मर आलेल्या अंड्यांवर माजी लाली बसवू? माज्या घरात अकरा हायत, त्या बी घिऊन जा की मग! जा अक्का, जा. मला बोलायला लावू नको."

एवढी वर्षं समोरासमोर राहून चन्नव्वा असं कधी बोलली नव्हती. इंदिराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला, गुंडेरावाचा. ती परत फिरली.

सपरात येऊन ती कवडीला मांडीवर घेऊन बसली. मर नव्हे, मर नव्हे, असं तिचं मन एकसारखं ओरडत होतं. मरेची कोंबडी आधी झुरते, डोळे मिटून उभी राहते, हिरवी घाण टाकते. हे इंदिराबाईला कळत नसेल तर कुणाला कळणार? गल्लीत कुणाची कोंबडी लंगडली तरी बायका तिलाच विचारायला यायच्या. मग झालं तरी काय? ती बोटांनी कवडीचं अंग चाचपायला लागली. पाय, पोट, छाती. गळ्याखाली दाण्याची थैली असते तिथं बोट आलं आणि थांबलं. थैली टम्म भरलेली. घट्ट.

रात्री खाल्लेलं जिरलंच नव्हतं.

इंदिराबाईनं विळी ओढली, पिसं बाजूला करून थैलीला चीर दिली. ज्वारी बाहेर आली. टपोरी, फुगलेली, आणि दाण्यांच्या टोकाशी अजून फिकट गुलाबी.

तिनं एक दाणा उचलून उजेडात धरला.

ही ज्वारी तीच होती. पेरणीची. अमरदीप, तिचा मुलगा, बिदरला कारखान्यात कामाला होता. यंदा त्यानंच दुकानातून बियाण्याच्या पिशव्या आणून दिल्या होत्या. औषध लावलेलं, लालभडक बी. पेरून दोन-तीन शेर उरलं. अमरदीप जाताना बजावून गेला होता, "आई, उरलेलं पुरून टाक, कशाला बी वापरू नको." पण असली टपोरी ज्वारी मातीत पुरायची? हात धजतो का बाईचा? घरचं बी ठेवायचे दिवस होते तेव्हा सासू गंधक चोळायची, आणि उरलेलं तीन पाण्यानं धुऊन कोंबड्यांना टाकायची. इंदिराबाई तेच करत आली होती. पाणी निवळ आलं की औषध गेलं, असं ती सगळ्यांना सांगायची. यंदाही तिनं तीन पाणी घातलं, चौथंही घातलं, उन्हात वाळवलं. आणि काल सांजेला, अंड्यांवर बसून बसून कवडी वाळलीय, म्हणून लाडानं वाटीभर डालग्याखाली ठेवलं. बाकीच्या कोंबड्या खुराड्यात गेल्या होत्या. एकट्या कवडीला मिळालं.

लाडानं! आपल्या हातानं मारली आपण.

आणि खरं सांगायचं तर पुढचा विचार तिच्या मनात काय आला? तर, कुणी बघितलं न्हाई. गुंडेराव ओट्यावर, दीपमाला चुलीपाशी. ही थैली कुठं तरी गाडून टाकावी. मर म्हणायलेत, म्हणू देत. अमरदीप काय म्हणेल? बायका काय म्हणतील? कोंबड्यांतली मोठी शहाणी! तिनं दाणे मुठीत गोळा केले आणि खड्डा कुठं करावा म्हणून इकडंतिकडं बघितलं. बिचारीला दोष देऊ नका, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

तेवढ्यात गुंडेराव आत आला, आपल्या कर्तबगारीवर खूश. "बग! एक कोंबडी रस्त्यावर न्हाई. आता दोन-चार दिवस घरातच कोंडून ठिवायच्या, घरातच दाणं टाकायचं. सगळ्यांना सांगून आलो."

"घरातच दाणं…" इंदिराबाई पुटपुटली.

आणि तिला वाटी आठवली. दुसरी वाटी. काल सांजेला तीच धुतलेली ज्वारी तिनं चन्नव्वालाही नेऊन दिली होती, काठोकाठ भरून, "तुज्या कोंबड्यांना टाक गं, कवडीनं लई आवडीनं खाल्ली," असं म्हणून. कोंबड्या झोपल्या होत्या, म्हणून चन्नव्वा म्हणाली होती, "सकाळी टाकते."

रोजच्यासारख्या कोंबड्या उकिरड्यावर गेल्या असत्या तर गोष्ट वेगळी. आता त्या कोंडलेल्या. उपाशी. अकरा! आणि लाली!

इंदिराबाई उठली ती सुटलीच. चप्पल न्हाई, पदर न्हाई, एका मुठीत ते दाणे. वाटेत गुंडेराव होता, त्याला तिनं असं ढकललं की तो खुराड्यावर जाऊन बसला. साठीला आलेली बाई गल्लीतून पोरीसारखी धावली आणि चन्नव्वाच्या दारावर दोन्ही हातांनी धडका द्यायला लागली.

"चन्नव्वा! टाकू नको! ज्वारी टाकू नको!"

"जा म्हटलं न्हवं तुला!"

"अगं मर न्हाई! मर न्हाई गं बाई! मीच मारली कवडीला! त्या ज्वारीत औषध हाय! पेरणीचं बी हाय ते, मी धुऊन दिलं तुला! वाटी ठिव खाली, तुज्या पाया पडते!"

ही बोंब, सांगतो तुम्हाला, गुंडेरावाच्या तीस वर्षांच्या बोंबेपेक्षा मोठी होती. गल्लीतली दारं एकेक करून किलकिली झाली. राजशेखरच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. इंदिराबाईला सगळं दिसत होतं, आणि लाजेनं तिचा जीव जात होता, पण ती थांबली न्हाई. "मला अमरदीपनं सांगितलं हुतं! मी ऐकलं न्हाई! मी मारली! चन्नव्वाऽऽ!"

आत कोंबड्यांची नुसती कुरकुर.

मग कडी वाजली. दारात चन्नव्वा उभी. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. पायांत अकरा कोंबड्या माना वर करून नुसत्या घोटाळत होत्या.

"मूठ उचलली हुती," चन्नव्वा म्हणाली. "अक्का, हात वर गेला हुता माजा."

मग इंदिराबाईनं आपली मूठ उघडली आणि ते गुलाबी टोकाचे दाणे पुढं केले. चन्नव्वानं बघितले. तिनं आपली मूठ सावकाश वाटीत रिकामी केली, वाटीवर झाकण ठेवलं, आणि वाटी फळीवर, पार वर ठेवून दिली. आणि मग सुरू झाली! "बुद्धी कुठं ठेवलीस? माजी कवडी! सोन्यासारखी कोंबडी माजी! तुला कुणी सांगितलं हुतं उपकार करायला? आँ?" ती बोलत होती, डोळे पुसत होती आणि इंदिराबाई मान खाली घालून ऐकत होती. खरं बोलल्यावर शिव्या खाताना इतकं हलकं वाटतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बोलता बोलता चन्नव्वा मधीच थांबली. "अंडी किती गार पडलीत?"

"दीपमाला धरून बसलीय."

"मग इथं काय करायलीस? चल!" आणि तिनं कोपऱ्यातली लाली दोन्ही हातांनी उचलली, काखेत मारली, आणि सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत समोरच्या घरात शिरली. "बगायलाव काय?" दारात उभ्या असलेल्यांना ती म्हणाली. "मर न्हाई, काही न्हाई. सोडा कोंबड्या! त्या वरडणाऱ्याला आधी कोंडा!"

सपरात दीपमालानं टोपली ठेवली. लालीला सोडलं. आता खरी परीक्षा. परक्या जागी, परक्या टोपलीत कोंबडी बसतेच असं न्हाई. लाली उभी राहिली. एक डोळा टोपलीकडं, एक डोळा या तिघींकडं. एक पाऊल पुढं, दोन मागं. मग पंख झटकून दाराकडं निघाली.

"गेली," दीपमाला कुजबुजली.

"गप," चन्नव्वा म्हणाली. तिनं एक अंडं उचलून लालीच्या पायाशी ठेवलं. लालीनं चोच लावली. मान खाली घालून ते अंडं ढकलत ढकलत, अगदी सावकाश, टोपलीशी आणलं. मग काठावर चढली. एक पाय आत. दुसरा आत. चोचीनं एकेक अंडं पोटाखाली घेतलं आणि अंग सैल सोडून फसकन् बसली.

इंदिराबाईनं चन्नव्वाचा दंड इतका घट्ट धरला होता की तो लाल झाला होता. "बसली गं! बसली!" तिला हसूही आवरेना आणि रडूही.

"दाणं मात्र मी टाकणार," चन्नव्वा म्हणाली. "पिलं निघस्तोवर रोज मी येणार. माज्या घरची ज्वारी घिऊन."

"ये बाई. दहा बार ये."

आणि नऊ वाजले. फोन वाजला.

"आई, किती दिवस राह्यले?" मंगलचा आवाज आज हसरा होता. "तीन म्हणली हुतीस काल, म्हणजे आता दोनच न्हवं?"

लपवायचं काही उरलं नव्हतं. इंदिराबाईनं सगळं सांगून टाकलं, एका दमात. कवडी, ज्वारी, औषध, चन्नव्वा, लाली. "अंडी बरी हायत पोरी, लाली बसलीय. पण कवडी माज्या हातानं गेली."

तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मंगल? रागवलीस व्हय?"

"आई," मंगल म्हणाली, अगदी हळू. "तीन पाण्यानं धुतलीस?"

"तीन न्हाई, चार."

"मी बी चार पाण्यानं धुतली हुती. तू शिकवलंस तशी. आमची पेरणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्यांना टाकली."

बावीस. मर नव्हतीच करजगीला. बावीस कोंबड्या तिच्या एका शिकवणीनं गेल्या होत्या, आणि ती लेकीला रोज फोनवर समजावत होती, रोग आहे बाई, आपल्या हातात काय असतं. "माजं चुकलं गं, पोरी," ती म्हणाली.

शेजारी कान लावून ऐकत असलेल्या चन्नव्वानं तिच्या हातून फोन ओढून घेतला. "मंगल! मी चन्नव्वा. रडायचं मागनं बघू. तुज्याकडं ती ज्वारी उरलीय का?"

"न्हाई अक्का. माज्यात कोंबड्याच न्हाईत तर ठिवून काय करू? काल रात्री जाऊबाईला दिली. तिच्यात पंधरा हायत."

"टाकली का तिनं?"

"न्हाई… ठाव न्हाई. ऊन वर आलं की टाकती ती…"

"मग बोलत काय उभारलीस? पळ!" चन्नव्वा ओरडली. "पळ गं बाई, पळ!"

फोन बंद करायचंसुद्धा मंगलला भान राहिलं न्हाई. धाडकन् दार, मग पावलांचा धपधप आवाज, मग कुणाचा तरी "काय झालं गं?" आणि मंगलची हाक, "जाऊबाईऽऽ! थांबाऽऽ!" इंदिराबाई चन्नव्वाच्या कानाला कान लावून उभी राहिली. दीपमालाही आली. पावलं पळतच होती.

मग "अगं, अजून एक दाणा टाकला न्हाई मी!" असा जाऊबाईचा आवाज आला, घरात एक भांडं ठणकन् खाली पडलं, आणि पाठोपाठ फोनमधून कोंबड्यांचा असा कलकलाट उठला की चन्नव्वानं फोन कानापासून लांब धरला. जित्या होत्या. सगळ्या एकदम ओरडत होत्या.